कूपर्स रोमधले ते तीन दिवस

१

एकनाथ धारप रोज सकाळी साडेसहाला गल्लीच्या तोंडाशी उभे असत. डोक्याला कानटोपी, पायांत पांढरे बूट, आणि ज्ञानदा इनामदारला दोन मिनिटं उशीर झाला की हातातल्या घड्याळाकडे मुद्दाम बघायचं. मग दोघं नदीपर्यंत चालत जात. चार वर्षांत हा नेम फक्त बर्फाने मोडला होता. सतरा जूनच्या मंगळवारी मात्र एकनाथकाका आले नाहीत.

ज्ञानदाने पाच मिनिटं वाट पाहिली आणि ती मागे फिरली. कूपर्स रो ही जेमतेम नऊ फूट रुंदीची, विटांच्या फरसबंदीची गल्ली. दोन्ही बाजूंना मिळून अकरा घरं, सगळी भिंतीला भिंत लावून उभी. व्हर्जिनियातलं हॉलीवेल हे नदीकाठचं शहर अडीचशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी आखलं, आणि त्याचा हा मधला तुकडा अजून तसाच होता. ज्ञानदाचा धंदा जुन्या विटांच्या इमारती दुरुस्त करण्याचा. ती तो इंग्लंडमधल्या यॉर्कला शिकली, तिथल्या तटबंदीच्या आतल्या अशाच एका गल्लीत नऊ वर्षं राहिली, आणि अमेरिकेत आल्यावर ही गल्ली दिसताच तिने दुसरं घर पाहिलंच नाही. जवळच्या हर्नडन उपनगरातली मराठी मंडळी तिला हसत. गॅरेज नाही, ड्राइव्ह-वे नाही, शेजाऱ्याची शिंक ऐकू येते, असल्या घरात कशाला राहायचं, म्हणत. एकनाथकाका तेवढे तिच्या बाजूचे.

पाच नंबरचं दार बंद होतं आणि रात्रीच्या पावसामुळे सगळ्या खिडक्याही लावलेल्या होत्या. गल्लीत सगळ्यांच्या किल्ल्या सगळ्यांकडे असत. ज्ञानदाने दार उघडलं. आत कसलाही वास नव्हता. काका खालच्या खोलीत पलंगावर कुशीवर झोपलेले होते. तिने खांद्याला हात लावला आणि तिला कळलं.

जिन्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. वरच्या खोलीत भाड्याने राहणारा ईशान, स्टॅटिस्टिक्सचा विद्यार्थी, कठड्याला धरून पायरीवर बसला होता. "काकू, डोकं..." एवढंच म्हणाला आणि ओकला. तेव्हा ज्ञानदाच्या ध्यानात आलं, की आपल्याही कपाळात ठणका लागलाय. ईशानच्या काखेत हात घालून तिने त्याला ओढत गल्लीत आणलं आणि फोन लावला.

बंबाची माणसं मुखवटे चढवून आत गेली. घरात कार्बन मोनॉक्साइड होता. त्याला ना रंग, ना वास. थोड्या वेळाने त्यांचा अधिकारी मागच्या दाराने बाहेर आला. त्याच्या हातात कोळशाची छोटी शेगडी होती. मागच्या दाराच्या आत, मोरीपाशी ती सापडली होती.

ही आत कोणी आणली, असं त्याने विचारलं. ऑक्सिजनचा मुखवटा लावलेल्या ईशानने हळूच हात वर केला.

२

दोन दिवसांनी ईशान हॉस्पिटलमधून सुटला. मित्राच्या अपार्टमेंटमध्ये जाण्याआधी तो ज्ञानदाकडे आला. बोलताना त्याची नजर टेबलावरून हलत नव्हती.

त्याने सांगितलं ते असं. शनिवारी सकाळी तो हर्नडनला मित्राकडे गेला आणि सोमवारी संध्याकाळी पाचला परतला. काकांना भरीत आवडतं म्हणून सहा वाजता त्याने मागच्या अंगणात शेगडी पेटवून वांगी भाजली. मग निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. नऊला पाऊस आला, तेव्हा शेगडी थंडगार होती. भिजू नये म्हणून आत ठेवली. दोघांनी भरीत-भाकरी खाल्ली. काका म्हणाले, आज अंग जड झालंय, लवकर झोपतो.

"मी हात लावून बघितलं होतं, काकू. राख ओली होती."

"हे त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते लिहून घेतात फक्त."

बंबवाल्यांना शेगडीत ओली राख मिळाली होती खरी, पण पाणी कधी पडलं हे राख सांगत नाही. दुसरं एक वाईट होतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म भिंतीवर नव्हता. तो स्वयंपाकघराच्या खणात मिळाला, बॅटरी काढलेला. येत्या सोमवारी सरकारी वकील ठरवणार होते, की निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा ईशानवर लावायचा का. तो लागला असता तर खटला पुढची गोष्ट. व्हिसा आधी गेला असता.

काकांची मुलगी प्रतिमा हर्नडनहून रोज येत होती, घर आवरत होती. ज्ञानदा तिला भेटायला गेली तेव्हा ती वडिलांचे सदरे खोक्यात भरत होती. हात थांबले नाहीत.

आई गेल्यापासून आपण त्यांना कितीदा बोलावलं, ती सांगत राहिली. मोठं घर आहे, खाली स्वतंत्र खोली आहे. पण त्यांना हीच गल्ली हवी होती. आणि सोबतीला म्हणून हा मुलगा ठेवला.

"त्यानेच काढला अलार्म," ती म्हणाली. "रोज काहीतरी भाजायचं, तळायचं. वाजला की डिस्टर्ब होतं ना. बाबा कशाला हात लावतील?"

ज्ञानदाने तिचं बोलणं ऐकून घेतलं, वाद घातला नाही. पण घरी येऊन तिने ईशानला फोन केला. अलार्म शेवटचा कधी पाहिलास, असं विचारलं.

शनिवारी सकाळी, तो म्हणाला. निघताना बूट घालत होतो तेव्हा समोरच होता, हिरवा दिवा लागलेला. सोमवारी आलो तेव्हा भिंतीकडे पाहिलंच नाही.

त्याचं म्हणणं खरं असेल तर अलार्म काढणारे एकनाथकाकाच असणार.

३

पाच नंबरला चिकटून सात नंबर. तिथे देवांग आणि उत्तरा राहत होते. दोघंही आयटीत, तो नागपूरचा, ती मुंबईची. उत्तराला नववा महिना लागला होता. ज्ञानदा शुक्रवारी दुपारी मुगाची खिचडी घेऊन गेली. देवांग ऑफिसला गेला होता.

उत्तरा खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. काकांचं नाव निघताच तिचे डोळे भरले. ते तीन दिवस तिने एकटीनेच काढले होते. देवांग शनिवारी संध्याकाळच्या विमानाने बेलव्ह्यूला ऑफिसच्या कामाला गेला आणि मंगळवारी दुपारी आला. तोवर काका रोज दारावर टकटक करून चौकशी करत होते. रविवारी तर सॉरी म्हणायला आले होते, ती म्हणाली.

"सॉरी कशाबद्दल?"

"अगं, त्यांचा स्मोक अलार्म वाजत होता ना, ताई. आमच्या किचनच्या भिंतीतून सगळं येतं. दहा मिनिटं चाललं होतं. मग काका आले, म्हणाले, फोडणी जास्त झाली, उगीच ओरडतंय, बॅटरी काढून टाकली."

ज्ञानदाच्या हातातला चमचा थांबला. तिने विचारलं, आवाज कसा होता ते आठवतंय का. उत्तराला विचित्र वाटलं, पण तिने करून दाखवलं. टीं टीं टीं टीं. मग गप्प. परत चार. परत गप्प.

"नक्की चार?"

"नक्की. मी मोजत बसले होते. झोप लागत नव्हती दुपारची."

ज्ञानदा उठून आपल्या घरी आली. तिच्या भिंतीवर तोच अलार्म होता. गल्लीतल्या सगळ्यांनी एकदम घेतले होते. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलं होतं. बॅटरी संपत आली तर मिनिटाला एकच टीं. चार-चारच्या जुळणीत वाजला, तर हवेत वायू आहे, घराबाहेर पडा.

म्हणजे फोडणीचा संबंध नव्हता. अलार्मने आपलं काम चोख केलं होतं आणि काकांनीच त्याला गप्प केलं होतं. रविवारी ऊन होतं, खिडक्या उघड्या होत्या, म्हणून निभावलं. सोमवारी रात्री पावसाने खिडक्या लावल्या.

पण खरी गोष्ट पुढचीच होती. ईशानची शेगडी पेटली सोमवारी. वायू घरात शिरला होता त्याच्या आदल्या दिवशीच.

४

मग तो आला कुठून? काकांच्या घरात गॅसवर चालणारी वस्तू उन्हाळ्यात एकच: त्यांच्या खोलीलगतच्या कपाटातला पाणी तापवायचा हीटर. त्याचा धूर नळीने धुराड्यात जाई आणि छपरावरून बाहेर पडे. पाच आणि सात नंबरच्या मधल्या भिंतीवर ते धुराडं उभं होतं; बाहेरून एक, आतून दोन वाटा, प्रत्येक घराची वेगळी.

गॅस कंपनीचा माणूस बुधवारी तपासून गेला होता. हीटर ठीक, वाट मोकळी, ओढ उत्तम, असं त्याने लिहून दिलं होतं. त्या कागदापाशी सगळे थांबले होते. ज्ञानदाही शुक्रवारची संध्याकाळभर तिथेच अडकून बसली.

शनिवारी ती वॉल्टरकडे गेली. वॉल्टर तिचा शेजारी, शाळेतून निवृत्त झालेला, पक्ष्यांचा नादी. त्या धुराड्यात दर उन्हाळ्यात पाकोळ्यांची एक जोडी घरटं करी, देवांगच्या बाजूच्या रिकाम्या वाटेत. दिवे लागायच्या सुमाराला वॉल्टर खुर्ची टाकून बसे आणि त्या आत शिरल्या की वेळ टिपून ठेवी. एकनाथकाका पुष्कळदा त्याच्या सोबतीला असत.

ज्ञानदाने विचारलं, गेल्या आठवड्यात पाकोळ्यांचं काही वेगळं दिसलं का. वॉल्टरने वही आणून दिली आणि बोट ठेवलं. चौदा तारीख, शनिवार: जोडी धुराड्यावर घिरट्या घालत राहिली, आत गेली नाही. पंधरा: तेच. सोळा: तेच. सतरा, मंगळवार: आठ बेचाळीसला दोन्ही आत.

तो म्हणाला, तीन दिवस त्यांना काय झालं होतं कोण जाणे. मंगळवारी गेल्या आत, पण पिल्लांचा आवाज त्यानंतर आलेला नाही.

वॉल्टरच्या दुर्बिणीतून ज्ञानदाने धुराड्याचा माथा पाहिला. असल्या जुन्या विटा मऊ असतात, नखानेही ओरखडा उठतो. चारही कोपऱ्यांवर, माथ्यापासून वीतभर खाली, घासल्याची ताजी लालभडक खूण होती. काहीतरी आवळून बांधलेलं होतं तिथे, आणि एका कोपऱ्यात निळ्या प्लॅस्टिकचा धागा अडकून वाऱ्यावर हलत होता.

शनिवारी कोणीतरी धुराड्यावर ताडपत्री बांधली. मंगळवारी संध्याकाळच्या आत सोडली. बुधवारी तपासणारा आला तोवर सगळं मोकळं. आणि त्या धुराड्यापाशी शिडी न लावता पोचता येईल अशी खिडकी गल्लीत एकच होती, सात नंबरच्या माळ्याची.

तिने दुर्बीण खाली ठेवली, आणि त्याच क्षणी तिला आपलं स्वतःचं बोलणं आठवलं. जूनच्या सुरुवातीला गल्लीत भेटला असताना देवांगने विचारलं होतं, की बाळाच्या खोलीत छताला ओल येतेय, कुठून येत असेल. ती घाईत होती. न थांबता म्हणाली होती, "धुराड्याच्या तोंडातून येत असणार. गवंडी मिळेपर्यंत वरून झाकून टाक."

वॉल्टरने विचारलं, बरं वाटत नाहीये का. तिने वही त्याच्या हातात दिली आणि ती घरी निघाली.

५

त्या दिवशी ती सात नंबरकडे गेली नाही. घरात बसून राहिली. गवंड्यांना शिकवताना ती पहिल्या दिवशी सांगत असे, की कुठलंही तोंड बुजवण्याआधी त्याच्या खाली काय पेटतंय ते बघा. देवांगला मात्र तिने चालता चालता एक वाक्य फेकलं होतं. गप्प बसलं तर कोणाला कळणार नव्हतं. हा विचार तिच्या मनात आला, आणि बराच वेळ राहिला, हे तिने पुढे लपवलं नाही.

रविवारी सकाळी तिने बेल वाजवली. देवांगनेच दार उघडलं. ओल बघायची आहे, म्हणताच त्याचा चेहरा उतरला. तो पुढे होऊन जिना चढू लागला.

माळ्याची खोली फिकट पिवळी रंगवलेली होती. पाळण्याचे भाग अजून खोक्यात होते. छताच्या कोपऱ्यात धुराड्याच्या बाजूने तपकिरी डाग. खिडकीतून हात लांबवला की धुराड्याच्या विटा हाताला लागत.

"ताडपत्री कुठे ठेवलीस, देवांग?"

तो खोक्यावर बसला. त्याने दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबून धरले.

"ऑफिसच्या मागच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली," तो म्हणाला. मग एकदम बोलत सुटला. शनिवारी निघायचं होतं, फोनवर दोन दिवस पावसाचा अंदाज होता, नुकताच रंग दिलेला. आमच्याकडे सगळं इलेक्ट्रिकवर आहे, आमची धुराची वाट बंदच आहे, मला वाटलं अख्खं धुराडंच बंद आहे. काकांचा हीटर त्यात जातो हे मला माहीतच नव्हतं, ताई. मंगळवारी आलो, उत्तरा म्हणाली गॅस होता घरात, आणि मला समजलं. वर आलो आणि सोडली.

"आणि ईशान?"

"त्याचं नाव आलं तेव्हा वाटलं, खरंच शेगडीच असेल. मी रोज तेच वाचत होतो, शेगडीने काय होतं ते." त्याने वर पाहिलं. "आमचाही व्हिसाच आहे. तीन आठवड्यांवर डिलिव्हरी आहे. आणि तुम्हीच म्हणाला होतात, झाकून टाक."

"म्हणाले होते," ज्ञानदा म्हणाली. "ते मी त्यांना सांगणार आहे. तू आलास तरी, नाही आलास तरी. पण तू स्वतः आलास तर बरं. वकील घेऊन ये. ताडपत्री बांधलीस ती चूक होती. सोडल्यावर गप्प राहिलास, ते तसं नाही."

देवांग काही बोलणार, तेवढ्यात दाराशी उत्तरा दिसली. एका हाताने कमरेला आधार देत ती तिन्ही मजले चढून आली होती, आणि किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. तिने नवऱ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"काका रोज विचारायला यायचे मला," ती म्हणाली. "देवांग, बूट घाल."

६

सोमवारी ईशानवर गुन्हा लागला नाही. वकिलाला घेऊन देवांगने जबाब दिला. त्याचं पुढे काय होणार, हे ठरायला महिने लागणार होते.

ज्ञानदाचा जबाब दुपारी झाला. अलार्मची चार-चारची जुळणी, वॉल्टरच्या नोंदी, विटांवरच्या खुणा, सगळं तिने क्रमाने सांगितलं. शेवटी आपलं वाक्य सांगितलं. जबाब घेणारा पोलीस अधिकारी भला माणूस होता. म्हणाला, गल्लीत बोललेल्या एका सल्ल्याला कायद्यात फारसं वजन नाही, हे लिहायलाच हवं असं नाही. ज्ञानदाने ते लिहायला लावलं आणि वाचून मगच सही केली.

बाहेर बाकावर प्रतिमा बसली होती. तिला पोलिसांनी सकाळीच सगळं कळवलं होतं. ज्ञानदा समोर जाऊन उभी राहिली आणि काकांच्या मृत्यूत आपला भाग काय, हे तिने सरळ शब्दांत सांगितलं. प्रतिमा ओरडेल, निघून जाईल, अशी तिने तयारी ठेवली होती.

"रविवारी बाबांचा फोन आला होता," प्रतिमा म्हणाली. "दुपारी. म्हणाले, सकाळपासून डोकं दुखतंय, मळमळतंय, घरात बसवत नाही. मी मीटिंगच्या तयारीत होते. म्हटलं, चहा घ्या आणि खिडक्या लावून झोपा, ऊन लागलं असेल."

ज्ञानदा तिच्या शेजारी बसली.

"मंगळवारीच मला कळलं होतं, की रविवारीच सुरू झालं होतं," प्रतिमा म्हणाली. "शेगडी सोमवारची. मला गणित येतं, ताई. पण ते बोलले असते, तर तो फोनही बोलावा लागला असता. म्हणून त्या मुलाचं नाव घेत राहिले."

ज्ञानदाने विचारलं, हे आत जाऊन सांगणार आहेस का. प्रतिमाने मान हलवली. आता सांगायचंच आहे, पण आधी दुसरीकडे जायचंय, म्हणाली. एकटीने जायची हिंमत होत नाही.

दोघी ईशानच्या मित्राच्या अपार्टमेंटवर गेल्या. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर प्रतिमाने पदर नसताना पदर सावरावा तशी ओढणी दोनदा सारखी केली आणि बेल दाबली.

ईशानने दार उघडलं. प्रतिमाला पाहून तो दचकून अर्धं पाऊल मागे गेला. तिने तिथे उंबऱ्याबाहेरच उभं राहून त्याला रविवारच्या फोनबद्दल सांगितलं, सगळं, मध्ये न थांबता. माफ कर, असं ती म्हणाली नाही. ते म्हणायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत असावं.

ईशान ऐकत होता. ज्ञानदाला वाटलं की तो आता दार लावून घेईल. त्याने लावलं असतं तरी तिने दोष दिला नसता.

"त्यांनी मला सांगितलं नाही, डोकं दुखतंय म्हणून," तो शेवटी म्हणाला. "सोमवारी भाकरी खाताना मी विचारलं होतं, बरं आहे ना. म्हणाले, आज अंग जड आहे फक्त. मीही झोपायला गेलो."

मग तो दार धरून बाजूला झाला, आणि दोघींना आत जायला जागा झाली.